नऊ मापं

आधी चौघी आल्या, सोमवारी.
नऊ जणी गुरुवारी, त्याही आठच;
नववी विश्वामित्रीच्या पुलावर बसमध्ये होती.

कॉलेजच्या स्टेजवर कोरियन गाणं करायचंय म्हणे.
मोबाइल टेकवला माझ्या मशीनला,
खडू आणि कात्रीच्या मधे:
मावशी, अस्संच हवं.

मी नवरात्रातली बाई.
बारा मीटरचा घेर डोळे मिटून कापते.
इथे सगळंच अर्ध्यावर सोडलेलं.
टाय आहे, कॉलर नाही.
एक बाही मनगटापर्यंत, दुसरी आलीच नाही.
शिंप्याचा पगार थकला असणार, म्हटलं.
पोरी हसल्या.

अलीफिया चौघींतली. तिचं मत, चारच बऱ्या.
चौघींची नावं एका संध्याकाळीत पाठ होतात,
गाण्यातला घास प्रत्येकीला पोटभर मिळतो.
नऊ म्हणजे वरात, बेन,
नवरी कुठली तेच कळत नाही.

हे मी गुरुवारी हेतलला सांगितलं. चूक माझीच.
तिने खडू उचलून फरशीभर वर्तुळं काढली:
या वाकतात, या फिरतात, आणि मधून
एक उभी राहते, कळीतून आल्यासारखी.
चौघींत होईल हे?
चौघींत फार तर कॅरम होतो.

मला विचारलं, तर मी हिशेब सांगितला.
मंगळबजारात साटीनचा अख्खा तागा उचलला
की मीटरमागे अठरा रुपये सुटतात.
म्हणजे नऊ.
पण हुकाही नऊ जणींच्या, आणि डोळे माझे दोन.
म्हणजे चार.

रात्री काजं करताना दोन्ही व्हिडिओ लावले,
आवाज बंद. शब्द कुठे कळणार होते.
चौघींना बघितलं, बरं वाटलं,
जेवून उठल्यासारखं.
नऊ जणींत मात्र डावीकडची शेवटची
एकदाच पुढे आली,
सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ.
मग पुन्हा मागे, दुसऱ्यांच्या खांद्यांआड,
आणि तिथेही तोंडभर हसत होती,
कॅमेरा तिच्याकडे नसताना.
वळली तेव्हा पाठीला सेफ्टी पिन चमकली.
मी मागे घेऊन घेऊन तिलाच पाहिलं,
काजं तशीच राहिली.

चौघींत कुणाला शोधावं लागत नाही.

शनिवारी नववी आली, मृण्मयी पिसे, गोत्रीहून.
हात वर कर म्हटलं, तर
कुणाला लागेल अशा बेताने वर केले.
मागून पिन लावली तरी चालेल मावशी,
मी दिसत नाही.

मी तिला अस्तर दुहेरी लावलं.

पुढे काय झालं तेही सांगते.
चौघींतल्या एकीच्या वडलांची बदली भुजला झाली
आणि तिघींनी नाव काढून घेतलं.
बाजेचा एक पाय गेला की बाज राहत नाही.
चार झगे अजून माझ्या खुंटीला आहेत,
गिऱ्हाइकं विचारतात, भाड्याने देता का.
नऊ जणींत हेतलचाच पाय मुरगळला,
मधे उभी राहायची तिचाच.
बाकीच्या अर्ध्या तासात सरकल्या,
मृण्मयी एक ओळ पुढे आली,
आणि जागा अशी बुजली
की खुर्चीत बसून टाळ्या देणाऱ्या हेतलला
आपण कुठे होतो ते बोटाने दाखवता येईना.
यातलं वाईट कुठलं,
सेव-उसळीच्या गाडीवर मी खूप विचार केला.
पाव संपले.

मापांच्या वहीत चौघी एका पानात बसतात.
नऊंना पान उलटावं लागतं.
मागच्या पानावर नववी एकटीच:
खांदा साडेतेरा, कंबर सव्वीस,
उंची राहिली, तिची बस सुटत होती.

मी अंदाजाने कापलं.
बसलं.