ऐंशी टक्के

रास्ता पेठेत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर
एक लाकडी जिना. जिन्याशी पाटी:
‘वर यावे. खाली चौकशी करू नये.’
मी तीनदा खालूनच परतलो.
चौथ्यांदा चढलो तो हेल्मेट न काढता.

मुनाफ आत्तारने टेबलावर चार तुकडे मांडले.
खाली जाळी, वर केस.
ऐंशी, शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस.
मी एकशेचाळीसवर बोट ठेवलं.

एकतीस वर्षं काढली वजनमापे खात्यात.
मार्केट यार्डात माझी जीप शिरली की
पारड्यांखाली चिकटवलेली मेणं
आपोआप गळून पडायची.
किलो म्हणजे हजार ग्रॅम. नऊशे नव्वद नाही.
पैसे मी पूर्ण मोजणार,
तर माल कमी का घ्यावा?

मुनाफ वाद घालत नाही.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला
आणि एकशेचाळीस माझ्या डोक्यावर ठेवलं.
आरशात
हनुवटीपर्यंत एकोणसाठ वर्षांचा मी,
वर कॉलेजच्या गॅदरिंगमधला कोणीतरी,
आणि दोघांची ओळख नाही.
“साहेब, असे केस असले की लोक आधी केस बघतात,
मग परत एकदा केस बघतात.
तुम्ही राहूनच जाता.”

मग त्याने ऐंशीचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला.
पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं. तारीखसुद्धा.
“अहो, यातून आरपार दिसतंय!”
“दिसू दे की. तुमच्या कानावरचे बघा,
तिथंही दिसतंय.
बाजूला विरळ आणि मध्ये जंगल,
असं कुठं असतं?”

मी कानावर हात नेला.
इतकी वर्षं टाळूचंच दुःख करत होतो,
कानावरच्यांची कधी विचारपूस केली नव्हती.

पुढची कड त्याने चिमट्याने विरळ करायला घेतली.
दोन काढले, एक ठेवला, मग तीन काढले,
मग थांबून माझ्या भुवयांकडे बघत बसला.
सरळ रेघ, म्हणाला, देवाने कुणाच्या कपाळावर ओढलेली नाही.
केस विकत घ्यायला आलेला मी
केस उपटायचे तीनशे रुपये जादा देत होतो.
“पांढरे किती घालू?”
“घालायलाच हवेत?”
“शंभरात पंधरा,” त्यानेच ठरवलं.

का कोण जाणे, शेवंताबाई आठवली.
मंडईत बसायची, लसूण-आल्याचा ढीग घेऊन.
तिचं पावशेराचं वजन सहा ग्रॅम हलकं भरलं,
कडा गुळगुळीत, आकडा पुसट.
“चोरून नाही, साहेब, हाताळून झिजलंय,” म्हणाली.
मी वजन जप्त केलं, पावती फाडली.
नियमात झीज आणि लबाडी यांना
एकच रकाना होता.
तिने पावती कनवटीला लावली
आणि शेजारणीकडून वजन मागून
पुढचं गिऱ्हाईक केलं.
ते वजन कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.
कागद उडू नयेत म्हणून.

“ऐंशीच द्या,” मी म्हणालो.
मुनाफने मान वर केली नाही.
तो केव्हापासून ऐंशीच कापत होता.

खाली आलो. हेल्मेट हातात.
सायकलवाल्या पोऱ्याने बघितलं,
आणि पुन्हा पंक्चरच्या टबात ट्यूब बुडवली.
बुडबुडे शोधत बसला.
इतकं साधं बघणं
मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

घरी वैजयंतीने दार उघडलं.
डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं,
टाचा उंचावून वरून बघितलं.
हात पुढे केला, मध्येच मागे घेतला, पदराला पुसला,
मग परत पुढे करून
कानावरच्या खऱ्या केसांना
अगदी हलकं बोट लावलं.

“किती झाले?”
मी आकडा सांगितला.
“एवढ्या पैशात,” ती म्हणाली,
“थोडे जास्त नव्हते देत?”