दुरेघी वहीतले दोन खुनी

व्हिडिओ यायचा शुक्रवारी,
जिनिंगच्या रिकाम्या टिनाच्या गोदामात,
झिबल बावणेच्या बंडीवरून.
टीव्ही गोधडीत गुंडाळलेला,
मागे दोरीने बांधलेला जनरेटर.
दोन रुपये. पोरींना मनाई.

मी पाहिला तो वेल्डिंगच्या टोपाचा.
डोळ्यांच्या जागी काळी काच,
हातात निळी ज्योत,
चालायचा अगदी सावकाश,
तरी पळणाऱ्याला गाठायचाच,
वसुलीला निघालेल्या कोतवालासारखा.

सुगंधा आत्राम बाहेर बसायची
पत्र्याला कान लावून, बोरं खात.
सिनेमा तिने ऐकला,
आणि ऐकता ऐकता तिला दुसराच एक सापडला
जो आत कुठेच नव्हता.
"खर्र खर्र करत येते," ती म्हणाली,
"दम खाते. मंग पुन्हा खर्र खर्र."
तोंड कसं त्याचं?
"मले नाही दिसलं. म्हंजे नसनच."

मग दुरेघी वही.
कव्हरवर खळ लावून चिकटवलेलं लाल कागदाचं रक्त.
अंक पहिला: टोपवाला आणि खरखऱ्या.
पोरं हसली, पानठेल्यावरची पुडी वाटली त्यांना.
तरी चार आण्याला एक वाचन,
मागच्या बाकावरून पुढे,
पुढच्या बाकावरून थेट गुरुजींच्या टेबलाच्या खणात
आणि तिथून, दोन दिवसांनी, परत.
पान सतरावर गुरुजींनी शुद्धलेखन तपासलं होतं.
किंकाळी, पहिली वेलांटी ऱ्हस्व.

कोंडवाड्यात भेटले ते दोघं पहिल्यांदा,
एका भाकड गाईच्या साक्षीने.
दुसऱ्या अंकात दोघंही निघाले
सरपंचाच्या जावयाला मारायला,
आणि मोहाखाली उभे राहून भांडले, पाळी कोणाची.
तेवढ्यात जावई लुनावर बसून गेला वणीला.

माझा मी काढायचो, काच घोटून घोटून काळी,
पेन्सिल संपेपर्यंत.
तिच्यासाठी ती फक्त चौकट सोडायची. कोरी.
कोपऱ्यात बारीक अक्षरात: खर्र.
तिसऱ्या अंकात मी ज्योत लावली त्या चौकटीला.
जळलं काय? माझंच अर्धं पान,
कडेची रेघ, टोपवाल्याचं कोपर.
जे काढलंच नाही ते पेटवायचं कसं,
हे मला अजून जमलेलं नाही.

मला एक गोष्ट माहीत होती, मी सांगितली नव्हती.
मध्यंतरात लघवीला उठलो तेव्हा पाहिलेली.
जनरेटरचा पट्टा सैल होता.
खर्र खर्र. मग झिबलभाऊ लाथ मारायचा.
मग थोडा वेळ शांत.
मग पुन्हा.

सातव्या अंकाच्या आठवड्यात झिबलने नवा पट्टा घातला.
पत्र्याशी ती बसली सिनेमा संपेपर्यंत,
बोरांच्या बिया फ्रॉकच्या घोळात.
"आला नाही आज," एवढंच म्हणाली.
सातव्या अंकात टोपवाला एकटाच
कालव्याच्या पुलावर बसलाय, ज्योत विझवून.
शेजारी चौकट आहे. तिच्यात खर्रसुद्धा नाही.
जूनमध्ये ती आश्रमशाळेत गेली. वही माझ्याकडे राहिली.

परवा लाईन गेली म्हणून सबस्टेशनवर गेलो
तर रजिस्टर घेऊन तीच बसलेली,
खाकी शर्ट, कानावर पेन,
मागे ट्रान्सफॉर्मर घुमतोय.
लाईन कधी येईल ते विचारायचं राहिलं.
मी सांगून टाकलं: पट्टा, लाथ, सगळं.
पंचवीस वर्षांनी.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.
"तिसऱ्या शुक्रवारीच मांगून जाऊन पाह्यलं होतं मी."
मग काढायचीस कशाला?
तिने मीटरकडे पाहिलं, आकडा लिहिला,
वेळ लिहिली, सही केली.
"जनरेटर तं जनरेटर. येत तं होता ना थो.
तुह्यावाला काय, निस्ता फोटो होता."