वळणीवरचा पंचा

अकरा घरांच्या किल्ल्या माझ्या कनवटीला.
पितळेच्या, लोखंडाच्या, एक चिनी,
तिला दोनदा फिरवावं लागतं.
माणसं बोरिवलीला, ठाण्याला, एक बिऱ्हाड पुण्याला.
सोनं कुणाचंच मिठबावात नाही,
ते देवगडला, बँकेत.
इथं उरलाय तो बंब, घंगाळं, समया,
आणि जोईलांच्या देवाचे चांदीचे डोळे.

गेल्या शिमग्यानंतर लोक्यांचं दार फुटलं.
कुलूप शाबूत,
कडीच उपटलेली, कोयंड्यासकट.
पोलीस म्हणाला, बंद घर चोराला लांबून कळतं.
अंगणात पातेरा, पायरीवर पातेरा,
तुळशीत हातभर गवत.

तेव्हापासून मी रोज एक पंचा भिजवते.
आज जोईलांच्या वळणीवर, उद्या मुणग्यांच्या.
कोरडा कुणीही टांगील.
ओल्यातनं थेंब पडतात,
म्हणजे आत्ताच कुणीतरी न्हालंय.
पायरीवर चपलांचे दोन जोड, त्यातली एक उलटी,
सरळ लावलेल्या खोट्या वाटतात.
तिन्हीसांजेला दिवा, आणि मोठ्यानं हाक,
"गो, भात येळलंस काय?"
एकदा उत्तरासाठी थांबले सुद्धा.

पौषात जोईलांच्या निनादनं
ओटीच्या खांबावर कॅमेरा बसवला.
तिसऱ्या रात्री फोन,
"काकू, घराकडे जरा बघून याल?
एक बाई रोज येते, सातच्या सुमाराला.
दारात उभी राहून काहीतरी ओरडते,
आमच्या दोरीवर कपडे टांगते.
पदर असतो डोक्यावर, तोंड दिसत नाही."

बघते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सातला गेले.
पदर खाली घेतला,
बॅटरी माझ्याच तोंडावर मारली,
आणि जुडगा वर धरला, अकराच्या अकरा.
खांबावर तांबडा ठिपका.
वाऱ्यानं माडाची एक झावळी पडली, तेवढंच.
मग रोजच्यासारखी हाक मारली,
भाताची.

रविवारी फोन आला.
"सॉरी हां काकू.
पण तो पंचा तेवढा बाजूला टांगा,
मध्ये येतो."

आता बाजूला टांगते.
अकरा दारं हलवून, कड्या चाचपून
घरी येते तेव्हा काळोख असतो.
माझं दार नुसतं ओढलेलं.
दोरीवर माझं लुगडं,
सकाळी खरंच धुतलेलं,
केव्हाच वाळून गेलेलं.