कोबाल्ट

नंदगडहून नमुना आला की मी आधी बर्फ बघते.
बर्फाचं पाणी झालं असेल तर नळी परत.
कारण नळीत गेलं म्हणून रक्त थांबत नाही,
तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात;
बस खानापुरात जितकी खोळंबली
तितका आकडा चढतो
आणि माणूस असतो त्याहून आजारी दिसतो.

बाबा म्हणाले, हे होमो का काय ते, काय सांगूलालीस?
बाबांना अक्षरांतूनच सांगावं लागतं.
चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या त्यांनी,
खडेबाजार, शहापूर, पार हुक्केरीपर्यंत,
कोपऱ्यात मुंगीएवढी सही : धामणेकर.

म्हटलं, मेथिओनिन म्हणजे वहीच्या डोक्यावरचं श्री.
शरीर कुठलंही प्रथिन लिहायला घेतं ते तिथून.
मजकूर मार्गी लागला की पुष्कळदा ते काढून टाकतं.
"श्री काढतात?"
हे त्यांना पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

बाकीचं मेथिओनिन हिंडतं.
एक कार्बन, तीन हायड्रोजन,
बोटाच्या टोकावर मावेल एवढा ठिपका,
तो कुणाला तरी लावून येतं.
जनुकाच्या अक्षराला लागला
तर ते अक्षर वाचायचं नाही, एवढाच हुकूम.
अक्षर खोडलेलं नसतं.

बाबा गप्प.
मग म्हणाले, डांबर.

त्यांच्या पाट्यांवर रात्री फासलेलं.
मराठीवर एकांनी, कानडीवर दुसऱ्यांनी,
आणि दोन्ही अक्षरं बाबांचीच.
सकाळी शिडी घेऊन गेले, चढले नाहीत.
चार वाजताच्या तिरक्या उन्हात
काळ्याखालून एक ळ वर आलेला,
पोटाकडे जरा जाड, त्यांचा असतो तसा.

ठिपका देऊन झाला की उरतं ते होमोसिस्टीन.
त्याला कुणीतरी नवा ठिपका द्यावा लागतो :
पालेभाजीतलं फोलेट, मधला हात बी-बारा.
नाहीतर दुसरी वाट, सिस्टीनकडे उतरणारी,
तिकडे गेलेलं परत येत नाही.
दोन्ही वाटा तुंबल्या की ते रक्तातच राहतं,
नसांच्या भिंती खरवडत.

वडगावची सिद्धव्वा मागाच्या खड्ड्यातून उठून आली होती.
"काल जुम्म अंतावरी," म्हणाली,
आणि पायांकडे असं बघितलं
की ते शेजारणीचे पाय असावेत.
अंडं नाही, मासा नाही, दूध विकायला.
तिचा आकडा सत्तावीस.

बाबांचा एकेचाळीस.
मी नळी दुसऱ्यांदा लावली. एकेचाळीस.
बर्फ घरचाच होता, घट्ट.
ब्रश कापतो ते वयामुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

संध्याकाळी कुपी घेऊन गेले.
सांगितलं, यात कोबाल्ट आहे.
त्यांचा चेहरा उघडला.
माळ्यावर अजून त्यांचा एक डबा आहे,
देवळाच्या पाटीसाठी राखलेला निळा.
कुपी खिडकीशी धरून त्यांनी बराच वेळ बघितली.
आत जास्वंदीच्या पाण्यासारखं तांबडं.

"भेसळ आहे," म्हणाले.

मग बाही वर केली,
डाव्या हाताची.
उजवा मांडीखाली दाबून बसले.