हातचा एक

दोन हजार क्रोनर,
आणि तुझी ती सफरचंदं काढायची शिडी.
तोर्लाइव्हने एवढंच सांगितलं.
शिडी कशाला, मी विचारलं नाही.
शहाऐंशी वर्षांच्या माणसाला सौद्यात
कारण विचारू नये, आमच्या फ्योर्डवर तरी.

पावती दिली जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर:
२७ सप्टेंबर. एक मोटारबोट. चालत नाही.
सातच्या कमरेला आडवी रेघ,
रेघेला एक नसतं शेपूट.

तेवीस फूट. लार्चच्या फळ्या, तांब्याचे रिव्हेट,
एका सिलिंडरचं इंजिन, त्याच्या धुराड्यात
कुणा पाखराने संसार थाटून मोडलेला.
डाव्या कुशीत बोट टेकलं
तर नख आत गेलं,
ओल्या पावात जावं तसं.

हिवाळाभर खरवडत राहिले.
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली
कचेरीच्या भिंतींचा असतो तो राखाडी,
राखाडीखाली पुन्हा पांढरा, पण जास्त गंभीर.
शनिवारी माझ्या केसांत हे सगळे रंग.
सोमवारी नगरपालिकेत
लोकांच्या पाणीपट्टीच्या बेरजा.

फेब्रुवारीत, मागच्या बाकाखाली
टॉर्च दातांत धरून पडले होते,
तेव्हा दिसली पेन्सिल:
१२७ अधिक १५
बरोबर १३२.

मी दोनदा केली. तिसऱ्यांदा बोटांवर.
सात नि पाच बारा, बाराचे दोन,
हातचा एक.
तो हातचा हातातच राहिला होता.
आणि त्या सातला आडवी रेघ.
रेघेला शेपूट.

१९५० साल. पोरगा अकरा-बाराचा,
बापाने करवत उचललेली,
"बोल लवकर, किती?"
पोराने सांगितलं तेवढं बापाने कापलं.
डाव्या अंगाची चौथी फळी
दहा मिलिमीटर अरुंद,
आणि तिच्या वरची एकूण एक फळी
ती चूक सांभाळून घेत वाकलेली.
गावात म्हणायचेच,
तोर्लाइव्हच्या बोटीला डावीकडे ओढ आहे.

कुजली होती नेमकी तीच.
नवी फळी टेबलावर, पट्टी हातात,
बावीस वर्षांची नोकरी पाठीशी.
असा कागद माझ्यापुढे आला असता
तर लाल शाईने गोल करून
उलट टपाली परत.
बराच वेळ उभी राहिले. स्टोव्ह विझला.
मग एकशे बत्तीसवर खूण केली.

जवसाचं तेल, वर पाइनचं डांबर,
हातांना वास आला तो जूनपर्यंत गेला नाही.

मे महिन्यात धक्क्याशी नेली
आणि काठोकाठ पाण्यात बसवली.
शेजारचा सिंद्रे बघत होता:
"एवढं करून बुडवलीच?"
बुडू दे, म्हटलं.
कोरडं लाकूड भांडखोर असतं, सांधे सोडून बसतं.
तीन रात्री पाणी पिऊ दे,
फुगलं की शेजारणीला आपण होऊन धरेल.
चौथ्या सकाळी उपसली.
आत उरलं ते पाणी माझ्या बुटांतलं.

चाक हाताने फिरवलं. काही नाही.
फिरवलं. एक शिवी दिली,
मला येते हे मलाच ठाऊक नव्हतं.
टुक.
बराच वेळ काही नाही.
टुक, टुक.

तोर्लाइव्हच्या खालच्या घरात नवे लोक आलेत.
त्यांनी कुंपण वाढू दिलंय, पुरुषभर उंच.
त्याच्या खिडकीतून पाणी दिसत नाही
हे मला पाण्यावर गेल्यावर कळलं:
कुंपणाच्या वर एक टोपी,
टोपीखाली तो,
माझ्या शिडीच्या चौथ्या पायरीवर.

"पंप अर्धा दात मागे आहे!"
"बघते!"
"डावीकडे ओढते अजून?"

मी सुकाणूवरचा हात काढून घेतला.
बोट हळूच, सवयीने,
त्याच्या किनाऱ्याकडे वळली.

"ओढते."

तो काही बोलला नाही.
टोपी जरा मागे सारली,
आणि खाली न बघता
आणखी एक पायरी वर चढला.