म्हणून

फादर बाझिल तुस्कानो शिकवत असत तेव्हा
लोहगावहून लढाऊ विमानं उठायची.
वाक्य नेमकं "म्हणून"पाशी आलेलं असायचं
आणि कौलांवरून तो आवाज जायचा,
काचा, खडूंचा डबा, भिंतीवरचा क्रूससुद्धा थरथरायचा.
फादर थांबत. खडू हवेत.
बावीस पोरं, वसईची, जालन्याची, एक कोहिमाचा,
बावीस पेनं वर धरून.
मागच्या व्हरांड्यात मीही थांबायचो,
ब्रशावर खळ सुकत असायची.
आवाज नगर रोडच्या पलीकडे विरला
की फादर पुन्हा म्हणत, "म्हणून,"
आणि मगच पुढचं सांगत.

मला लॅटिन येत नाही.
मी पुस्तकं शिवतो, माझे वडील शांतवन शिवायचे तशी.
बोहरी आळीतलं कापड, मेण लावलेला दोरा,
खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून.
आठशे वर्षांपूर्वीच्या वादांचे खंड
माझ्या हातांखालून गेले, कणा मोडलेले, पानं सुटलेली,
आणि एकदा मी विचारलं,
फादर, एवढं भांडण कशाचं?

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
"कळलं म्हणून मानायचं
की कळावं म्हणून मानायचं, एवढंच.
त्यापायी एकाला स्वतःचं पुस्तक
स्वतःच्या हाताने आगीत टाकावं लागलं."
बांधणी कसली होती? मी विचारलं.
ते त्यांना ठाऊक नव्हतं.
या प्रश्नावर ते इतका वेळ गप्प राहिले
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग म्हणाले, पुढच्या शतकात एक जण आला.
त्याचं म्हणणं, एकच गोष्ट एकाच माणसाला
कळलेलीही आणि मानलेलीही असत नाही.
दिसलं की मानणं संपलं.

शास्त्रीनगरच्या सिग्नलला सायकलवर एक पाय टेकून
मी ते घोळवत राहिलो, मागचे हॉर्न वाजवेपर्यंत.
खळ धरेल, हे मला माहीत आहे.
तिथे श्रद्धेचं काही काम नाही, मोरचूद पुरे.
पण ज्याच्या कार्डावर सत्तावन्न सालानंतर
एकही तारीख पडलेली नाही
तो खंड कुणी उघडेल?
हे मला माहीत नाही.
तरी मी टाके जवळजवळ घालतो,
वडील म्हणायचे तसे, उद्याच कुणी मागणार असल्यासारखे.

आता फादर खालच्या खोलीत असतात.
काचबिंदूने आधी कडा नेल्या, मग मधलंही.
गुरुवारी मी एकेक खंड त्यांच्या हातात देतो.
ते कण्यावरून अंगठा फिरवतात. "तिसरा."
चौथा, फादर.
"तू जाड बांधलास."

परवा त्यांनी मधूनच एक पान उघडलं,
समासावर बोट थांबवलं.
"इथे तुझी खळ सांडलीये."
खरंच, माझ्या अंगठ्याचा ठसा, पिवळा पडलेला,
कुठल्या साली पडला कोण जाणे.
"त्याच्या शेजारी काय लिहिलंय?"

मला दिसत होतं, वाचता येत नव्हतं.
त्यांना वाचता येत होतं.
अक्षरं इंग्रजीचीच, दहावीपर्यंत गिरवलेली,
तेव्हा मी एकेक सांगत गेलो:
ई.
आर.
जी.
ओ.

फादर हसले, दात नसलेल्या बाजूने.
"म्हणून," ते म्हणाले,
आणि लोहगावहून विमान उठलं.

खाटेखालचं तांब्याभांडं थरथरलं.
त्यांचा हात वर गेला, खडू नसलेला,
आणि तिथेच राहिला.
मी त्या शब्दाखाली बोट धरून बसलो,
जागा हरवू नये म्हणून.