तांबडा दगड

दर ऑक्टोबरात आई सौनाची चूल उपसते.
वाफेनं वर्षभर भाजलेले दगड
एकेक तळव्यावर घेऊन टिचकी मारते,
आपण मडकं पारखतो तशी.
खणखणला तर परत आत.
बद्द वाजला तर बाहेर, अंगणात.

वडील विरोलाहतीच्या खाणीत ग्रॅनाइट फोडायचे.
दुकानातले काळे दगड आईनं आणले
तेव्हा आठवडाभर तोंड फुगवून होते :
"विकत कसला आणायचा? पायाखाली आहे की."
आणि गुपचूप एका कोपऱ्यात
आपल्या खाणीतला एक तांबडा सारायचे,
गुलाबी डोळ्यांचा, डोळ्यांना हिरवट कड.
आमच्याकडे त्याचं नावच कुजका दगड.
आई म्हणायची, फुटेल.
ते म्हणायचे, फुटू दे.

यंदा तो सगळ्यात तळाशी निघाला.
टिचकी मारण्याआधीच
आईच्या हातात त्यानं अंग सोडलं.

सायमीच्या शाळेत नुकताच हा धडा झालाय.
जुन्या वर्तमानपत्रावर ती कण निवडत बसली,
तांदूळ निवडावेत तशी, जीभ दातांत धरून.
राखाडी, काचेसारखी गारगोटी.
गुलाबी फेल्डस्पार.
काळं अभ्रक, नखानं पापुद्रे सुटणारं.
"आजी, ही तिन्ही खनिजं. प्रत्येकाचं सूत्र ठरलेलं.
कुठंही सापडू दे, गारगोटी ती गारगोटीच."
"आणि खडक?"
"खडकाला सूत्र नसतं."
"ते नाही विचारलं. खडक कुठंय?"

सायमीनं ढीग पाहिले.
मग कागद उचलून खाली पाहिलं.

मी सांगू लागलो,
की तापल्यावर गारगोटी जास्त फुगते, फेल्डस्पार कमी,
वरून पाणी पडलं की आकसतातही आपापल्या मापानं,
आणि सांधे असे दर शनिवारी थोडे थोडे...
आई ऐकत नव्हती.
"मला तिसरी वाफ सोसायची नाही," ती म्हणाली.
"ओइवाला पाचवी कमी पडायची.
चाळीस हिवाळे. एकच बाक."

तिन्ही ढीग तिनं कॉफीच्या एकाच डब्यात लोटले.
सायमी ओरडली, अगं, मी वेगळे केले होते!

डिसेंबरात घरापासून सौनापर्यंतची वाट
बर्फानं काचेसारखी झाली.
आई डबा घेऊन पुढे निघाली, मूठमूठ पेरत.
अंधार होता. टॉवेल खांद्यावर.
आम्ही मागून चाललो, न घसरता,
पायाखाली करकर वाजत होतं.